देवाचा कोंबडा, माझा कुत्रा

मी पी.टी.ची बाई. तळासरीच्या शाळेत कित्येक वर्षं शिट्टी वाजवत आले, आणि शिट्टी वाजली की समोरचा हलतो या एका समजुतीवर माझा सगळा संसार उभा होता. संसार म्हणजे मी एकटीच. वेवजीच्या एका पाड्याच्या टोकाला भाड्याच्या दोन खोल्या आणि पुढे भलंमोठं अंगण. एकटं राहण्याचं मला काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगत असे. कोणी विचारलेलं नसलं तरीही सांगत असे.

२०१७च्या सुरुवातीला समुद्रकाठच्या वाढवणमधल्या एका ओळखीच्या घरातून मला कुत्र्याचं पिल्लू मिळालं. मासळी सुकवायच्या बांबूंखाली जन्मलेलं, तांबूस रंगाचं, एक कान उभा आणि एक पडका. पिशवीत घालून आणलं तेव्हा सगळी रिक्षा सुक्या बोंबलाच्या वासाने भरून गेली होती. पहिल्या महिन्यात स्वारीने दोन चपला, एक हजेरीपट आणि माझ्या एकुलत्या एका चांगल्या साडीचा काठ खाल्ला. चौथ्या महिन्यात तर त्याने माझ्या नाकी नऊ आणले. मी शाळेतून दमून यायची आणि हा दिवसभर बांधलेला, सोडल्या सोडल्या अंगणात गोल गोल पळत सुटायचा. माझ्या पायांवर आदळायचा, उठायचा, पुन्हा पळायचा.

त्याच सुमाराला आमच्या पाड्यावर फोनमध्ये व्हिडिओ दिसण्याइतकं इंटरनेट यायला लागलं होतं. एका रविवारी मला कुठल्या तरी परदेशी बाईचा व्हिडिओ दिसला. ती मैदानात धावत होती आणि तिचा कुत्रा तिच्या शेजारून दांड्यांवरून उड्या मारत, नळीतून घुसत, ओळीने रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी निघत होता. याला ॲजिलिटी म्हणतात हे मला तेव्हा कळलं. बाई ओरडत नव्हती. दोघांच्या मध्ये दोरी नव्हती. मला त्या दोघांचा इतका हेवा वाटला की मी फोन उलटा ठेवून दिला, आणि पाच मिनिटांनी पुन्हा उचलला.

सामान जमवायला मला आठवडासुद्धा लागला नाही. शाळेच्या भंगारातला फुटका निळा पिंप आणला, त्याची दोन्ही बुडं कापली, नळी तयार. मोडीत निघालेला फळा विटांवर टेकवून उतार केला. आशागडच्या एका वाडीतून चिकू भरायचे दोन जुने प्लास्टिकचे कॅरेट मागून आणले. ते उपडे घालून वर गोणपाट टाकलं की झाला बसायचा चौथरा. सुरूच्या सहा काठ्या ओळीने रोवल्या. आणि उडीसाठी दोन खुंटांवर एक आडवा बांबू. सगळं मांडून झाल्यावर मी कमरेवर हात ठेवून बघितलं आणि शिट्टी फुंकली.

कुत्रा खाटेखाली पळाला आणि तिथे त्याने मुतून ठेवलं.

पुढचे पंधरा दिवस त्याहून बरे गेले असं म्हणवत नाही. बांबूवरून उडी मारायची तर तो खालून सरपटत जायचा. पिंपात शिरायचा तो तिथेच झोपायचा. फळ्याच्या उतारावर बसून तो फळाच चावायचा. मी आवाज चढवला की कान पाडून बसायचा, आणि मग माझं मलाच ओशाळं व्हायचं. डहाणूला त्याला इंजेक्शन द्यायला नेलं तेव्हा गुरांच्या डॉक्टरांना मी मोठ्या तोऱ्यात सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत एवढं खरं. म्हणाले, "बाई, हाडं कोवळी आहेत अजून. वर्षाचा होईपर्यंत बांबू वीतभराच्या वर न्यायचा नाही. आणि ती शिट्टी शाळेत ठेवा. तो काही तुमचा सातवीचा वर्ग नाही."

घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत होते. पण बांबू वीतभरावर आणला आणि शिट्टी दप्तरात टाकली.

मग मला युक्ती सुचली. बाजारातून पावकिलो कोंबडी आणायची, बिनमिठाची उकडायची, तिचे नखाएवढे तुकडे करायचे. बांबूच्या पलीकडे एक तुकडा टाकायचा आणि म्हणायचं, "हुप!" पहिल्या दिवशी तो वळसा घालून गेला. दुसऱ्या दिवशी बांबू पाडून गेला. चौथ्या दिवशी त्याने पाय उचलले आणि सुटला तो थेट पलीकडे. मी टाळ्या वाजवून अंगणात नाचले. पी.टी.च्या बाईने असं नाचू नये, पण नाचले.

आमच्या अंगणाला लागूनच मावशीचं घर. मावशी म्हणजे माझी नात्यातली कोणी नाही. पन्नाशी उलटलेली, काटक. ती आणि तिचा नवरा उतारावर भात आणि नाचणी करायचे, घरी बैलजोडी आणि अंगणात कोंबड्या. ती मला 'बाई' म्हणायची आणि तू-तुझं करायची. तिच्या बोलीत कलेक्टरलाही तूच म्हणतात. संध्याकाळी आमचा वर्ग भरला की ती कुडाला, म्हणजे मधल्या काठ्यांच्या कुंपणाला, टेकून बघत उभी राहायची.

"बाई, माझा बकरा पण उडतो बांबूवरून," ती एकदा म्हणाली. "त्याला कोंबडी लागत नाय."

मला राग आला. मी तिला त्या परदेशी बाईचा व्हिडिओ दाखवला. तिने तो शेवटपर्यंत नीट बघितला आणि विचारलं, "हिला शेत नाय काय?"

आता इथे मावशीच्या दाराबद्दल सांगायला हवं. त्या भागात कुडाला फाटक नसतं. दोन खांब रोवतात, त्यांना भोकं पाडतात आणि त्यातून आडवे बांबू सरकवतात. दिवसा वरचे बांबू काढून ठेवतात. खालचा एक तेवढा राहतो, माणसं त्यावरून पाय टाकून ये-जा करतात. मी रोज त्यावरून पाय टाकत होते. दोन खांब आणि वीतभरावर एक आडवा बांबू. माझ्या अंगणात मी रोज तेच मांडत होते आणि त्याच्या पलीकडे कोंबडी टाकत होते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. मी घरी आले, त्याला सोडलं आणि चहा ठेवायला वळले, तेवढ्यात तो अंगणाबाहेर गेला. मी हाक मारत मागे धावले. मावशीच्या दारासमोर तो थांबला, वळून माझ्याकडे बघितलं, आणि त्याने उडी मारली. इतकी सुरेख, चारही पाय पोटाशी घेतलेली उडी त्याने आजवर मारली नव्हती. माझ्या तोंडून 'शाब्बास' निघून गेलं.

मग कोंबड्यांचा कालवा झाला. मी पोहोचेपर्यंत तो परत येत होता, तोंडात मावशीचा तांबडा कोंबडा, मान लोंबत असलेला. त्याने तो माझ्या पायांशी ठेवला आणि शेपटी हलवत बसला. उडी मारली होती, पलीकडे कोंबडी मिळाली होती. शिकवल्याप्रमाणे सगळं बरोबर झालं होतं.

मी कुडाची काठी उपसली आणि त्याला मारलं. तो ओरडला नाही, जमिनीला चिकटला. दुसऱ्यांदा हात उचलला तेव्हा मावशीने तो धरला.

"त्याला कशाला मारतेस? उडायला शिकवला कोणी?"

मी काठी टाकली. त्या एका फटक्याची लाज मला अजून वाटते.

मावशी रागावली असती तर बरं झालं असतं. ती कोंबड्याजवळ बसली आणि त्याच्या पंखावरची माती झटकत राहिली. तिचा नवरा आला. त्याने एकदाच बघितलं आणि मला म्हणाला, "देवाचा होता."

मग त्याने जे सांगितलं ते असं. आदल्या वर्षी त्यांचा बैल रानात गेला तो तीन दिवस आला नाही. मावशीने वाघदेवाला बोलून ठेवलं: बैल येऊ दे, कोंबडा देईन. बैल आला. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते. त्या दिवशी गुरं राखणारे वाघदेवापुढे जमतात, गुरांना सांभाळ म्हणून कोंबडा देतात आणि मग सगळे मिळून जेवतात. हा कोंबडा त्या दिवसासाठी होता. मी लगेच पैसे काढते म्हणाले. बाजारातून याच्या दुप्पट कोंबडा आणते म्हणाले.

"बाजारातला?" मावशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "देवाला काय सांगू, कोणाच्या घरचा?"

नवऱ्याचं म्हणणं स्पष्ट होतं. कुत्र्याच्या दाताला चव लागली, आता तो थांबायचा नाही, पाड्यात तीसेक घरं आणि घराघरांत कोंबड्या. जिथून आणला तिथे नेऊन सोड. दोन खोल्यांत पुन्हा एकटीने चहा करायचा, या एका विचाराने मी रस्त्यात उभी राहून रडायला लागले. अख्ख्या शाळेला कवायत शिकवणारी बाई, आणि सगळा पाडा बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दारात उभी. हातात टोपली, टोपलीत एक पिल्लू. कोंबड्याचंच, तांबडं, नुकते पंख फुटलेलं.

"तो ज्या कोंबडीचा होता, तिचंच आहे," ती म्हणाली. "तू वाढव. तुझ्या दारात, त्याच्या समोर. बारशीला मला जिता दे. मेला तर कुत्रा दर्यावर. मी नवऱ्याला सांगितलं."

"आणि जगला तर?"

"तर राहील कुत्रा. अजून काय?"

असं माझं नवीन सत्र सुरू झालं. उकडलेली कोंबडी बंद. त्या जागी भाकरीचा तुकडा. उड्याही बंद. सगळ्यात आधी मी त्याला काहीही न करायला शिकवलं, आणि हे मला स्वतःलाच येत नव्हतं. तो कॅरेटच्या चौथऱ्यावर बसायचा, मी त्याची दोरी धरून खाली बसायची, आणि समोर टोपलीखाली ते पिल्लू चिवचिवायचं. कुत्रा थरथरायचा. लाळ गळायची. मी 'थांब' म्हणायची आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून मीही थांबायची. दहा आकडे मोजायचे. मग "घे", आणि भाकरी. तुकडा त्याच्या नाकासमोर असला तरी 'घे' म्हटल्याशिवाय तोंड लावायचं नाही. पहिल्या आठवड्यात दहा आकडे, श्रावणापर्यंत शंभर. शाळेतल्या पोरी सांगायच्या, बाई आता ओरडत नाहीत. मला ते लक्षातही आलं नव्हतं.

मग टोपली उचलली. कुत्र्याची दोरी माझ्या कमरेला बांधलेली. पिल्लू आता पिल्लू राहिलं नव्हतं. त्याला तुरा फुटला होता आणि स्वभाव माझ्यासारखाच होता. ते सरळ चालत आलं आणि त्याने कुत्र्याच्या नाकावर टोच मारली. कुत्र्याने माझ्याकडे इतक्या दीनवाण्या चेहऱ्याने बघितलं की मला हसू आवरेना. त्या दिवसापासून अंगणावर कोंबड्याचं राज्य आलं. सुरूच्या काठ्यांमधून कुत्रा नागमोडी निघाला की हा मध्येच उभा राहून माती उकरायचा, आणि कुत्रा त्याला वळसा घालून पुढच्या काठीला जायचा. ते वळण मी शिकवलेलं नव्हतं.

एकदाच चुकला. गणपतीनंतरची गोष्ट. कोंबडा फडफडत त्याच्या अगदी तोंडासमोरून उडाला आणि कुत्र्याने झेप घेतली. दोरी तेव्हा मी काढलेली होती. मी फक्त "थांब" म्हणाले, आणि आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही. कुत्रा थांबला. त्याच्या तोंडात शेपटीची दोन पिसं होती, आणि कोंबडा पिंपावर चढून आम्हाला शिव्या देत होता. मी मान वर केली तर कुडापलीकडे मावशी. तिने सगळं पाहिलं होतं. आता ही काय म्हणते म्हणून मी तिच्याकडे बघत राहिले.

"पिसांनी मरत नाय कोंबडा," ती म्हणाली आणि आत गेली.

भातं पिवळी पडली, दिवाळी जवळ आली. आता भीती उलटी होती. कोंबडा चांगला गलेलठ्ठ झाला होता. सकाळी मी दार उघडलं की तो आधी उंबऱ्यावर यायचा, कुत्रा त्याच्या मागे. दुपारी दोघं पिंपाच्या सावलीत बसायचे, हातभर अंतर ठेवून. मी तळासरीच्या बाजारात जाऊन एक तांबडा कोंबडा बघूनही आले. रंग तोच, तुरा तसाच. कोणाला कळणार होतं? विकणाऱ्याने त्याचे पाय धरून माझ्यासमोर उलटा लटकवला, आणि मावशी पंखावरची माती झटकत बसलेली मला आठवली. मी हात हलवतच परत आले.

तरी आदल्या दिवशी मी तिला विचारलंच. "मावशी, दुसरा नाही का चालणार? तुमच्या घरचाच, पण दुसरा?"

तिने निवडत असलेले तांदूळ तसेच सुपात ठेवले. "तुला वाटतं, मी वाढवते त्यांचं मला काही नाय वाटत?" ती म्हणाली. "दरसाल एक देते. ज्याचं वाटत नाय, तो देवाला देऊन काय करू?"

मी सूप माझ्याकडे ओढलं आणि उरलेले तांदूळ निवडायला घेतले.

बारशीच्या सकाळी मी कोंबड्याला स्वतः उचलून नेलं. तो माझ्या काखेत शांत बसला होता, त्याला माझी सवय होती. कुत्रा मागे आला. मावशीच्या दारातल्या बांबूशी मी 'थांब' म्हटलं आणि तो अलीकडे बसला. मी पाय टाकून आत गेले, कोंबडा मावशीच्या नवऱ्याच्या हातात दिला, आणि तशीच शाळेत निघून गेले. त्या दिवशी मी मुलींना काहीच शिकवलं नाही. खेळा म्हटलं.

संध्याकाळी कुत्रा टोपलीखाली नाक घालून बघत होता, पिंपात शिरून बाहेर येत होता. मी त्याच्याशी बोलायचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आमच्या अंगणात आली. हातात सागाच्या पानांच्या दोन पुड्या. एक तिने माझ्या हातात दिली, देवापुढच्या जेवणातला वाटा. दुसरी उघडून तिने कुत्र्यासमोर जमिनीवर ठेवली.

"हा ह्याचा," ती म्हणाली. "हाड नाय ठेवलं. माझा नवरा म्हणाला, बारशीचा वाटा पाड्यातल्या सगळ्यांना जातो, तर ह्याला पण द्यायचा. आता कोण ह्याला जा म्हणणार नाय."

चार महिने मी याच एका वाक्याची वाट बघत होते. कुत्रा राहणार होता. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण माझे डोळे त्या पानावर खिळले होते. कुत्रा पानाजवळ गेला, वाकला, आणि थांबला. त्याचं अंग थरथरत होतं. तोंड न लावता त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"घे की रे," मावशी म्हणाली. तो हलला नाही. "बाई, तुझंच ऐकतो तो. सांग ना त्याला."

मी त्याला सगळं शिकवलं होतं. त्या पानावर कोण आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, मला होतं, आणि मी बोलल्याशिवाय तो खाणार नव्हता. मावशी वाट बघत उभी होती. तिने तिच्या घरचं दिलं होतं. आता माझी पाळी होती.

"घे," मी म्हणाले.

त्याने खाल्लं, पान चाटूनपुसून. मग मी पायरीवर बसले, माझी पुडी उघडली आणि माझा वाटा खाल्ला. खाताना मी रडत होते. मावशी माझ्या शेजारी बसली, आणि माझं संपेपर्यंत तिने मला रडू नको असं एकदाही म्हटलं नाही.